विद्यापीठाची हवामान-कृती : स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ऊर्जाधोरणाचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

हवामान बदलाच्या संदर्भात विद्यापीठांच्या कार्याचा विचार बहुधा ज्ञाननिर्मितीच्या अंगाने केला जातो. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे मापन, हवामानाची संगणकीय प्रारूपे, सौरघट व विद्युतघट यांवरील संशोधन ही कामे मुख्यतः विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत झाली, हे निर्विवाद आहे. तथापि विद्यापीठ ही इमारतींची, यंत्रांची आणि पैशांचीही संस्था असते. तिच्या वसतिगृहांत पाणी तापवले जाते, प्रयोगशाळा अहोरात्र थंड ठेवाव्या लागतात, तिच्या नावे गुंतवणूक असते आणि तिला देणगीदार असतात. वर्गात सांगितलेले विज्ञान विद्यापीठ स्वतःच्या व्यवहारात किती पाळते, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आधारे केला आहे. ही निवड करण्याचे कारण असे की, या विद्यापीठाने आपल्या परिसरातील ऊर्जाव्यवस्था मुळापासून बदलून दाखवली, आणि त्याच काळात जीवाश्म इंधन कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांवरून त्याला तीव्र टीकेलाही सामोरे जावे लागले. यश आणि वाद एकाच संस्थेत असल्यामुळे दोहोंचा परस्परसंबंध तपासता येतो.

मूल्यमापनाची तीन ठिकाणे

विद्यापीठाच्या हवामान-कृतीचे मूल्यमापन करताना सर्व उपक्रमांची एकत्र यादी करण्याची प्रथा आहे. वृक्षारोपण, सौर पॅनेल, परिषदा, अभ्यासक्रम आणि सामंजस्य करार अशा यादीत शेजारी-शेजारी बसतात आणि त्यांचे वजन समान असल्याचा भास निर्माण होतो. त्याऐवजी तीन ठिकाणे वेगळी पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. पहिले ठिकाण ऊर्जागृह. येथे विद्यापीठ ग्राहक असते. दुसरे प्रयोगशाळा, येथे ते संशोधक असते. तिसरे तिजोरी, येथे ते गुंतवणूकदार आणि देणग्यांचे स्वीकारकर्ते असते. या तीनही ठिकाणी एकच कसोटी लावली जाते काय, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

ऊर्जागृह : वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशोब

स्टॅनफर्डच्या परिसराला १९८७ पासून नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या सहनिर्मिती प्रकल्पातून वीज, वाफ आणि थंड पाणी पुरवले जात असे. महाराष्ट्रातील वाचकांना साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मितीमुळे हे तत्त्व परिचित आहे. इंधन एकदा जाळावयाचे, त्यातून वीज घ्यावयाची आणि उरलेल्या उष्णतेचाही उपयोग करावयाचा, असे हे तत्त्व. कारखान्यात उसाचा बगॅस जळतो. स्टॅनफर्डमध्ये वायू जळत होता. ज्या काळात हा प्रकल्प उभा राहिला त्या काळात तो कार्यक्षमतेचा आदर्श मानला जाई आणि तसे मानण्यास आधारही होता. परंतु विद्यापीठाच्या हरितगृह वायू उत्सर्जनाचा फार मोठा भाग पुढे याच प्रकल्पातून येऊ लागला.

२००९ मध्ये विद्यापीठाने ऊर्जा व हवामानविषयक आराखडा तयार केला. त्यामागील अभ्यासात परिसरातील उष्णतेची आणि शीतलीकरणाची मागणी तासागणिक तपासण्यात आली. त्यातून पुढे आलेली वस्तुस्थिती साधी, परंतु निर्णायक होती. हिवाळ्यात इमारती उबदार ठेवावयाच्या आणि उन्हाळ्यात थंड, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात मोठ्या विद्यापीठात दोन्ही गरजा वर्षातील बराच काळ एकाच वेळी अस्तित्वात असतात. एका इमारतीतील प्रयोगशाळा व संगणक थंड करावे लागत असताना दुसऱ्या इमारतीत गरम पाणी हवे असते. जुन्या व्यवस्थेत पहिल्या इमारतीतून काढलेली उष्णता शीतलन मनोऱ्यांतून हवेत सोडली जाई आणि दुसऱ्या इमारतीसाठी वायू जाळून नवी उष्णता निर्माण केली जाई.

या निष्कर्षावर आधारलेला सुमारे ४८.५ कोटी डॉलर खर्चाचा प्रकल्प २०१५ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात इमारती थंड करताना मिळणारी उष्णता विजेवर चालणाऱ्या यंत्रांद्वारे परत मिळवून गरम पाण्यासाठी वापरली जाते. वाफेच्या तुलनेत हे पाणी कितीतरी कमी तापमानाचे असते. म्हणूनच ही पद्धत शक्य होते. मात्र त्यासाठी वाफेच्या जुन्या वाहिन्या काढून गरम पाण्याच्या सुमारे २२ मैल, म्हणजे जवळपास ३५ किलोमीटर लांबीच्या नव्या वाहिन्या टाकाव्या लागल्या आणि १५५ इमारतींतील जोडण्या बदलाव्या लागल्या. गरम आणि थंड पाणी साठविणाऱ्या प्रचंड टाक्या हा या व्यवस्थेचा आणखी एक महत्त्वाचा घटक होय. त्यांच्यामुळे यंत्रे केव्हा चालवावयाची हे ठरविण्याची मोकळीक मिळते. विद्युतघटाऐवजी येथे पाणीच साठवणुकीचे काम करते.

विद्यापीठाने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार, या प्रकल्पामुळे आणि त्याच्या जोडीने केलेल्या सौरवीज करारामुळे परिसराचे उत्सर्जन सर्वोच्च पातळीच्या तुलनेत सुमारे ६८ टक्क्यांनी कमी झाले. शीतलन मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जाणारे पाणीही वाचले. कॅलिफोर्निया त्या वेळी दीर्घ अवर्षणातून जात होते, हे लक्षात घेता या बचतीचे महत्त्व कळते.

या प्रयोगाचे तांत्रिक कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यामागील बौद्धिक वृत्तीची दखल मात्र पुरेशी घेतली गेलेली नाही. सहनिर्मिती म्हणजे कार्यक्षमता, हे अभियांत्रिकीतील प्रस्थापित मत होते. विद्यापीठाने ते गृहीत न धरता स्वतःच्या परिसरातील मोजमाप पुढे ठेवले आणि स्वतःचाच जुना निर्णय रद्द ठरविला. उत्तर काय यावे याविषयी प्रश्न विचारणाऱ्यावर कोणाचेही दडपण नव्हते. वायू विकणाऱ्याच्या पैशातून हाच अभ्यास झाला असता तर त्याचा निष्कर्ष कदाचित हाच आला असता. पण त्यावर इतरांनी इतक्या सहजपणे विश्वास ठेवला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

‘शंभर टक्के’ या शब्दप्रयोगाची मर्यादा

ऊर्जागृहाच्या यशाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. नवी व्यवस्था विजेवर चालत असल्याने ती वीज कोठून येते, यावर तिची निर्मळता अवलंबून राहते. दक्षिणेकडील रोझामंड येथील सौर प्रकल्प २०१६ च्या अखेरीस सुरू झाला आणि लेमूर येथील ८८ मेगावॅटचा दुसरा सौर प्रकल्प २०२२ मध्ये कार्यान्वित झाला. त्यानंतर विद्यापीठाची वीज १०० टक्के नवीकरणीय झाल्याचे घोषित करण्यात आले.

या घोषणेचा नेमका अर्थ असा की, परिसर वर्षभरात जेवढी वीज वापरतो तेवढी वीज हे प्रकल्प वर्षभरात निर्माण करतात. प्रत्येक तासाला वापरलेली वीज सूर्यापासूनच आलेली असते, असा त्याचा अर्थ होत नाही. सूर्यास्तानंतर परिसराला ग्रीडमधून वीज घ्यावी लागते आणि कॅलिफोर्नियाच्या ग्रीडमध्ये रात्रीच्या वेळी नैसर्गिक वायूचा वाटा मोठा असतो. पाण्याच्या टाक्यांमुळे काही भार दिवसाकडे वळवता येतो, सर्व भार नाही. वार्षिक ताळेबंद चुकीचा नाही. पण तो ताळेबंद आहे, वस्तुस्थितीचे संपूर्ण चित्र नव्हे. ज्या संस्थेने उष्णतेचा हिशोब तासागणिक मांडून यश मिळवले, तिने विजेचा हिशोब वर्षाच्या सरासरीने जाहीर करावा, यात एक अंतर्विरोध आहे.

याखेरीज विमानप्रवास, बांधकाम साहित्य, खरेदी केलेल्या वस्तू आणि अन्न यांमुळे होणारे अप्रत्यक्ष उत्सर्जन वेगळेच राहते. उपरोक्त ६८ टक्क्यांच्या आकड्यात त्याचा समावेश नाही. मूल्यमापन करताना कोणते उत्सर्जन मोजले आणि कोणते वगळले, हे प्रथम विचारले पाहिजे.

प्रयोगशाळा : संशोधन आणि त्याचा निधी

स्टॅनफर्डने २००२ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट अँड एनर्जी प्रोजेक्ट’ हा संशोधन उपक्रम जाहीर केला. दहा वर्षांत साडेबावीस कोटी डॉलर देण्याची योजना होती आणि त्यांतील दहा कोटींपर्यंतचा सर्वांत मोठा वाटा एक्झॉन मोबिल या तेल कंपनीचा होता. जनरल इलेक्ट्रिक, श्लुंबर्जे आणि टोयोटा या कंपन्या अन्य पुरस्कर्त्या होत्या. सौरघट, विद्युतसाठवण, जैवइंधन, भूगर्भात कार्बन डायऑक्साइड साठविणे अशा अनेक विषयांवर या निधीतून मूलभूत संशोधन झाले.

पुढे २०२२ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांच्या ११० कोटी डॉलरच्या देणगीतून शाश्वततेला वाहिलेली स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली. स्टॅनफर्डमध्ये सत्तरहून अधिक वर्षांनंतर निर्माण झालेली ही पहिलीच नवी विद्याशाखा. तिचे पहिले अधिष्ठाता अरुण मजुमदार हे पवई येथील आयआयटी मुंबईचे १९८५ चे पदवीधर आणि अमेरिकी ऊर्जा विभागातील प्रगत संशोधन संस्थेचे पहिले संचालक. नवी विद्याशाखा जीवाश्म इंधन कंपन्यांबरोबर काम करण्यास आणि त्यांचा निधी स्वीकारण्यास तयार आहे, अशी भूमिका त्यांनी आरंभीच मांडली. त्यावर विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांनी खुल्या पत्राद्वारे हरकत घेतली. या वादातून ऊर्जा संशोधनाच्या निधीचा विचार करण्यासाठी विद्यापीठाला समिती नेमावी लागली.

या वादातील दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. निधी स्वीकारण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की, ऊर्जेचे संक्रमण करण्यासाठी लागणारे भांडवल, अभियांत्रिकी कौशल्य आणि भूगर्भाचे ज्ञान याच कंपन्यांकडे आहे. त्यांना वगळून बदल घडणार नाही. या युक्तिवादाला इतिहासाचा काही आधारही आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात २००० पासून बीपी या तेल कंपनीच्या साहाय्याने कार्बन उत्सर्जनावर संशोधन सुरू झाले. त्याच उपक्रमाचे प्रमुख स्टीफन पकाला आणि रॉबर्ट सोकोलो यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्सर्जन-कपातीच्या कामाचे समान पाचरींत विभाजन करणारी मांडणी प्रसिद्ध केली. हवामानविषयक धोरणचर्चेत ती पुढे सर्वत्र वापरली गेली. तेव्हा कंपनीच्या पैशातून झालेले संशोधन निकृष्ट किंवा विकाऊच असते, असे सरसकट विधान करता येणार नाही.

विरोधी बाजूचा आक्षेप मात्र एखाद्या निबंधाच्या सत्यतेविषयी नाही. कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते विचारलेच जात नाहीत, याविषयी तो आहे. तेल कंपनी भूगर्भात कार्बन साठविण्याच्या संशोधनाला उत्साहाने पैसा देईल. तेलाचे उत्खनन वेगाने कसे थांबवता येईल, या प्रश्नाला ती तितक्याच उत्साहाने पैसा देण्याची शक्यता कमी. प्रत्येक निबंध निर्दोष असूनही संशोधनाचा एकूण नकाशा एका बाजूला झुकलेला असू शकतो. शिवाय नामवंत विद्यापीठाशी असलेला संबंध कंपनीला प्रतिष्ठा मिळवून देतो. विद्यापीठ पैसा घेते आणि त्या बदल्यात विश्वासार्हता देते. या देवाणघेवाणीची नोंद कोणत्याही कार्बन ताळेबंदात होत नाही.

प्रिन्स्टनने २०२२ मध्ये औष्णिक कोळसा आणि डांबरी वाळूतील तेल या क्षेत्रांतील ९० कंपन्यांशी संबंध तोडण्याचा निर्णय जाहीर केला. त्या यादीत एक्झॉन मोबिलचाही समावेश होता आणि संशोधन निधीलाही तो निर्णय लागू करण्यात आला होता. बीपीचे नाव त्या यादीत नव्हते. निकष आधी ठरवावयाचा आणि मग तो नावांना लावावयाचा, ही पद्धत येथे महत्त्वाची आहे. निकष योग्य होता की नाही यावर वाद होऊ शकतो. पण निकष जाहीर असल्यामुळेच तो वाद शक्य होतो.

तिजोरी : कोळसा आणि तेल यांतील भेद

मे २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या विश्वस्त मंडळाने कोळसा खाणकाम हाच मुख्य व्यवसाय असलेल्या कंपन्यांत थेट गुंतवणूक न करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी विद्यापीठाचा स्थायी निधी १८७० कोटी डॉलरच्या घरात होता. विद्यार्थ्यांच्या चळवळीचा हा मोठा विजय मानला गेला. तेल आणि वायू कंपन्यांबाबत तसाच निर्णय घ्यावा, या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर धरणे धरले. विश्वस्तांनी २०१६ मध्ये ती मागणी नाकारली. २०२० मध्येही त्यांनी तीच भूमिका कायम ठेवली आणि २०५० पर्यंत निधीची गुंतवणूक निव्वळ शून्य उत्सर्जनापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

कोळशाला पर्याय उपलब्ध आहेत, तेलाला अद्याप तितके नाहीत, हा भेद निराधार नाही. परंतु येथेही ऊर्जागृहाशी तुलना उद्बोधक ठरते. ऊर्जागृहाच्या बाबतीत विद्यापीठाने ‘वायूला पर्याय नाही’ हे विधान तपासून पाहिले आणि ते खोटे ठरविले. तिजोरीच्या बाबतीत हेच विधान तपासणीविना पुढे चालू राहिले. शिवाय ऊर्जागृहातील आकडे जगभरच्या अभियंत्यांना पाहता येतात. निधीची गुंतवणूक कोणत्या कंपन्यांत किती आहे, याचा तपशील मात्र विद्यापीठातील प्राध्यापकांनाही सहज उपलब्ध नसतो. ज्या ठिकाणी कृतीमुळे खर्च वाचतो तेथे पारदर्शकता, आणि ज्या ठिकाणी कृतीमुळे उत्पन्न घटण्याची भीती असते तेथे गोपनीयता, असे हे चित्र आहे. दीर्घकालीन हिशोबात नवे ऊर्जागृह जुन्यापेक्षा स्वस्त पडेल, असा विद्यापीठाचाच अंदाज होता, हे या संदर्भात विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या संदर्भात

स्टॅनफर्डची श्रीमंती महाराष्ट्रातील महाविद्यालयांकडे नाही. त्यामुळे ही चर्चा येथे गैरलागू आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु वर मांडलेल्या कसोटीचा संबंध श्रीमंतीशी नाही. नॅकच्या २०१७ मधील सुधारित चौकटीत सातव्या निकषाखाली पर्यायी ऊर्जास्रोत, एलईडी दिवे, हरित व ऊर्जा लेखापरीक्षण यांविषयी महाविद्यालयांकडे विचारणा करण्यात आली. त्यामुळे हा विषय महाविद्यालयांच्या कार्यपत्रिकेवर आला, हे त्या चौकटीचे श्रेय होय. तथापि उपक्रम आहे किंवा नाही, असा प्रश्न विचारला की छायाचित्र आणि प्रमाणपत्र हे उत्तर पुरेसे ठरते. छतावरील पॅनेल बसविल्यानंतर त्यावरील धूळ पुसली जाते काय, ते प्रत्यक्षात किती युनिट देतात, वसतिगृहातील गिझर आणि पाण्याचा पंप किती वीज घेतात, हे प्रश्न त्यातून सुटतात.

महाराष्ट्रातील ग्रीडची वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशापासून येते; एकट्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. अशा स्थितीत महाविद्यालयात वाचलेल्या प्रत्येक युनिटचा अर्थ कोळशाच्या भाषेत सांगता येतो. महावितरणची मागील पाच वर्षांची देयके, पंप व जनित्र यांच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाची पाहणी एवढ्या सामग्रीवर भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल या विभागांना संयुक्त प्रकल्प करता येईल. त्यासाठी खर्च जवळजवळ लागत नाही. स्टॅनफर्डच्या यशाचा आरंभ यंत्रांपासून झाला नव्हता, मोजमापापासून झाला होता.

निधीचा प्रश्नही येथे दूरचा राहिलेला नाही. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र केंद्र शासनाच्या निधीतून सुरू झाले. त्याच संस्थेला २०२३ मध्ये हरित ऊर्जा आणि शाश्वतता यांवरील संशोधन केंद्रासाठी एका माजी विद्यार्थ्याने नाव गुप्त ठेवून १६० कोटी रुपयांची देणगी दिली. गुप्तदानाला भारतीय परंपरेत मोठा मान आहे आणि या दात्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीही कारण नाही. परंतु देवळाला दिलेले गुप्तदान आणि ऊर्जा संशोधनाला दिलेले गुप्तदान यांत एक फरक राहतो. संशोधनाच्या वाचकाला निधीचा स्रोत ठाऊक असणे हा त्याच्या परीक्षणाचा भाग असतो. येथील संस्थांकडे खासगी निधीचा ओघ वाढत असताना याविषयीचे नियम आधीच ठरवणे हिताचे होईल.

समारोप

स्टॅनफर्डच्या अनुभवावरून असे दिसते की, विद्यापीठ आपल्या परिसरातील उत्सर्जन कमी करू शकते; त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान दूरच्या भविष्यातील नाही. त्याच अनुभवावरून असेही दिसते की, ऊर्जागृहात दाखविलेली चिकित्सा संशोधन निधी आणि गुंतवणूक यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ६८ टक्क्यांची घट हे खरे यश आहे आणि ते निधीविषयीच्या आक्षेपांमुळे कमी होत नाही. तसेच त्या यशामुळे हे आक्षेपही निकालात निघत नाहीत.

एका विद्यापीठाचे उत्सर्जन जगाच्या उत्सर्जनात नगण्य असते. हवामानाच्या प्रश्नात विद्यापीठाचे खरे मोल त्याच्या शब्दावर समाज ठेवतो त्या विश्वासात आहे. म्हणून कोणत्याही विद्यापीठाच्या अथवा महाविद्यालयाच्या हवामान-कृतीचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न एकत्रच विचारले जावेत: ऊर्जेचा वापर प्रत्यक्ष मोजला आहे काय, संशोधनाचा निधी कोणाचा व कोणत्या अटींवर आहे, आणि संस्थेचा पैसा कोठे गुंतवला आहे. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्राचार्य देऊ शकतील. उरलेल्या दोहोंची उत्तरे व्यवस्थापनाकडून मागण्याचे काम प्राध्यापकांनाच करावे लागेल.